बल्बाला हळदीकुंकू

माझ्या गाडीचा उजवा दिवा तवंदी घाटात गेला. नेमका कुठल्या वळणावर ते सांगता येणार नाही. आत बसलेल्याला दिवा गेल्याचं दिसत नाही, आज रस्ता जरा जास्त काळा आहे एवढंच वाटतं. मला ते कळलं घाट उतरल्यावर. तिथं रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि दोन्हीकडची वाहनं एकाच पट्ट्यातून सोडली होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तो सरळ माझ्या अंगावरच यायला लागला. अगदी जवळ आल्यावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मान बाहेर काढून म्हणाला, "ओ ताई, मला वाटलं मोटारसायकल हाय! निम्मीच गाडी घेऊन निघालाय व्हय?"

त्याच्या मागच्या दोन्ही ट्रॉल्यांना एकही लाल दिवा नव्हता, पण ते सांगायला मी थांबले नाही.

मी बेळगावात एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघते. तिथल्याच शहापुरात एका विणकराच्या माडीवर भाड्यानं राहते, खाली दिवसभर माग चालतात. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की गाडी काढायची, निपाणीजवळच्या आमच्या गावात यायचं, दोन रात्री घरी काढायच्या आणि सोमवारी पहाटे अंधारातच परत निघायचं, असा माझा नेम. गाडी जुनी आहे, दुसऱ्याकडून घेतलेली, पण माझ्या पगारातून घेतलेली. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली आणि गाडी घेतलेलीही मीच पहिली. हे मी सारखं सांगते असं घरचे म्हणतात. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते.

मी पोचले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, घरापुढच्या कट्ट्यावर बसले होते. शनिवारी संध्याकाळी ते तिथंच असतात आणि मी आले की "आत्ताच येऊन बसलोय" म्हणतात. त्या दिवशी तसं म्हणाले नाहीत. उठून गाडीच्या पुढं आले आणि उजव्या दिव्याच्या काचेवर टिचकी मारली.

"काणी झाली की गं ही."

"बल्ब गेलाय आप्पा. बदलला की झालं."

"घाट ह्याच्यावरच उतरलीस?"

"हो."

आप्पा जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. बोलत नाहीत तेव्हा ते विचार करत असतात, आणि ते विचार करतात तेव्हा त्याचा निकाल दुसऱ्या कुणाला तरी भोगावा लागतो. हात धुऊन, टॉवेलनं बोटन् बोट पुसून त्यांनी सांगितलं की सोमवारी पहाटे दुधाच्या पिकअपचा ड्रायव्हर येईल, तो गाडी चालवेल, मी शेजारी बसायचं. बेळगावात मला ऑफिसला सोडून तो गाडी गॅरेजला लावेल आणि एसटीनं परत येईल.

"त्याला तरी एका दिव्यावर अंधारात कसं दिसेल?" मी विचारलं.

"त्यो गडी हाय. त्येला अंदाज असतोय."

अंदाज गाडीत कुठल्या बाजूला बसवतात ते मी विचारलं नाही, कारण आप्पांचं संपलं नव्हतं.

"आणि म्होरल्या खेपेपासनं अंधाराचं यायचं न्हाय, अंधाराचं जायचं न्हाय. रविवारी उजाडल्यावर ये, ऊन हाय तवर माघारी जा."

आई भांडी आवरत होती. तिचा हात थांबला. मला हिशेब करायची सवय आहे, तो मी तिथल्या तिथं केला. रविवारी सकाळी निघून यायचं आणि दुपारी चहा घेऊन उठायचं, म्हणजे मी घरी जेवायला येणारी पाहुणी झाले. शनिवारची रात्र गेली, रविवारचीही गेली. आई दिवसभर कामात असते. ती माझ्याशी बोलते ते रात्री अंथरुणं पडल्यावर, दिवा मालवून. उजेडात तिला बोलायला सुचत नाही.

"आणि मी उद्या दोन्ही दिवे बसवले तर?"

"तू?"

"मी."

आप्पांनी माझ्या हातांकडं बघितलं. "बसीव की. दिवेलागणीपत्तर लागलं तर बघू."

'बघू' म्हणजे आप्पांच्या बोलण्यात होही नाही आणि नाहीही नाही. पण निकाल लागल्यावर त्यांनी 'बघू' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं मी ते धरून ठेवलं.

रविवारी सकाळी मी गाडी घेऊन निपाणीला गेले. उजेड असल्यामुळं त्याला हरकत नव्हती. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं गाडी कुठली ते विचारलं आणि एक डबी काढली. मी दोन मागितल्या. दोन्ही बल्ब एकाच वयाचे असतात, एक गेला की दुसराही निघायच्या तयारीत असतो, हे मी गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीला सांगा मॅडम, काचंला हात लावायचा न्हाय. खालनं पत्र्याला धरायचं."

"मीच बसवणार आहे."

"तर मग तुम्ही लावू नका," तो म्हणाला आणि दुकानाचं शटर निम्मं ओढलं. रविवारी तो दुपारपर्यंतच असतो.

घरी येऊन पिशवी मी आतल्या फळीवर ठेवली आणि जेवायला बसले. आप्पा म्हणाले, एक गेला तर दोन कशाला? मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "जोडीचं हाय ते. जोडवं एक मोडलं म्हणून एकच नवं घालत्यात व्हय?" आई माझ्या बाजूनं बोलली म्हणून मी निर्धास्त झाले. तिथंच जरा उठून पिशवीकडं बघायला हवं होतं.

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी देवापुढं जाते आणि हळदीकुंकू लागल्याशिवाय वापरात येत नाही. गॅसची शेगडी, मिक्सर, फ्रीज, माझा मोबाइल, सगळे ह्या वाटेनं गेलेत. फ्रीजला दाराच्या वरच्या कोपऱ्यात अजून लाल ठिपका आहे. माझ्या पदवीच्या कागदाला खालच्या बाजूला लावलं, कारण वर शिक्का होता. गाडी आणली त्या दिवशी तर बॉनेटवर स्वस्तिक काढून चाकांखाली लिंबं ठेवली होती. ह्यात मला कधी काही गैर वाटलं नाही. आई आयुष्यभर विड्या वळत आली. घरात येणारी प्रत्येक वस्तू किती उशिरा आली हे तिला माहीत आहे, म्हणून ती तिचं स्वागत करते.

जेवणानंतर मी बॉनेट उघडलं, किल्ली काढून ठेवली, पुस्तक बॅटरीवर उघडं ठेवलं. आई शेजारी येऊन उभी राहिली. मी पहिली डबी उघडली.

बल्बच्या काचेवर बरोबर मधोमध हळदीचं बोट उमटलेलं होतं, आणि त्याच्यावर कुंकू. दुसरी डबी उघडली. तिथंही. दोन्ही ठिपके एका मापाचे होते.

"लावलंय," आई म्हणाली. "तू इसरशील म्हणून मगाशी मीच लावलं."

"आई, काचेला हात लावायचा नसतो गं."

"हात कुठं लावला? बोट लावलं."

मी तिला समजावून सांगितलं. हा बल्ब फार तापतो. काचेवर बोटाचं तेल राहिलं, कसला डाग राहिला, तर तेवढीच जागा जास्त तापते आणि काच फुटते. आई भजी तळता तळता उठून हळदीकुंकू लावून आली होती, हे मी बोलले नाही, पण बोटाला तेल होतं हे उघड होतं.

"हळदीकुंकवानं फुटतंय?"

"फुटतंय."

"मग शेगडी का फुटली न्हाय? मिक्सर का फुटला न्हाय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते विज्ञानाच्या पुस्तकातलं होतं आणि आईचा प्रश्न तिथला नव्हता. मी खिशातला स्वच्छ रुमाल काढला. तसं तिनं माझं मनगट धरलं.

"पुसतीस?"

"पुसायलाच लागणार."

"दिव्याचं कुंकू पुसतीस? आणि उद्या काळोखात हीच गाडी घेऊन एकटी जाणार हाईस न्हवं?"

तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. तेव्हा मला कळलं की आदल्या रात्री भांडी आवरताना हात थांबला तो फक्त माझ्या दोन रात्री जाणार म्हणून नाही. घाटाचं तिनंही ऐकलं होतं. आप्पांनी भीती वाटली म्हणून ड्रायव्हर ठरवला. आईनं भीती वाटली म्हणून बल्बाला कुंकू लावलं. आणि मी ते पुसायला निघाले होते.

कट्ट्यावरून आप्पा म्हणाले, "म्हणूनच म्हणत हुतो, ड्रायव्हर ठरीवलाय त्येच बरं हाय. सोडा तो नाद."

मी हातात बल्ब धरून उभी होते. खालनं, पत्र्याला धरून. तसाच बसवला तर हायवेला कुठंतरी फुटणार, आणि मग आप्पांचं म्हणणं कायमचं खरं ठरणार. पुसला तर आई सोमवारी पहाटेपासून मी फोन करेपर्यंत उंबऱ्यात बसून राहणार, आणि शनिवारी तीच आप्पांना म्हणणार की पोरगी दिवसाच आलेली बरी. नवीन जोडी आणावी तर निपाणीतल्या दुकानाचं शटर एव्हाना पूर्ण खाली आलेलं. कॉलेजात मला ह्यावर काही शिकवलेलं नव्हतं. पण मी फक्त कॉलेजातच शिकले असं नाही.

"आई, समईला हळदीकुंकू कुठं लावतीस?"

"कुठं म्हणजे? बुडाला."

"वातीला का लावत नाहीस?"

"वातीला कोण लावतंय? येडी का काय तू? पेटायचं न्हाय व्हय तिनं?"

"ही काच म्हणजे वात," मी म्हणाले. "आणि हा खालचा पत्रा म्हणजे बूड."

आईनं बल्ब माझ्या हातातून घेतला. पत्र्याला धरून घेतला, हे मी बघितलं. डोळ्यांजवळ नेऊन आत बघितलं. आत खरंच बारीक तार होती.

"तार हाय की आत."

"तीच पेटते."

"मग काचंला लावायलाच नको हुतं," ती म्हणाली, जणू काचेला दुसऱ्याच कुणी लावलं होतं. मग परत थांबली. "पर लावलेलं पुसायचं कसं?"

"शुक्रवारी समई घासतीस तेव्हा आधीच्या शुक्रवारचं कुंकू जातंच की."

"ते घासायचं असतंय. घासून फिरून लावायचं असतंय."

"मग हे घास. घासून फिरून बुडाला लाव."

"चिंच आणू?"

"चिंच नको."

चिंच नको, राख नको, साबणही नको म्हटल्यावर आईला ते घासणं वाटेना. स्पिरिट पाहिजे होतं. स्पिरिट घरात एकच होतं, आप्पांचं. त्यांना साखरेचं इंजेक्शन घ्यावं लागतं आणि त्याची बाटली ते देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात कापसासकट ठेवतात. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. मागं एकदा मी पेनाचा डाग काढायला घेतलं होतं, ते आठ दिवस ऐकवत होते.

"माझं स्पिरिट गाडीला कशाला?"

"गाडीला न्हवं, दिव्याला," आई म्हणाली. "आणा हिकडं."

"रातच्याला मला सुई टोचायची असती."

"तुमाला एका बोळ्याचं लागतंय, बाटलीभर न्हाय. आणा."

आप्पा आत गेले. बाटली घेऊन आले ती टोपण घट्ट लावलेली, आणि टोपण त्यांनी स्वतः उघडलं. कापसावर स्पिरिटही त्यांनीच ओतलं, मोजून. देवाचा दिवा घासायचा तो आईनंच, ही आमच्याकडची पद्धत, त्यामुळं मी बाजूला झाले. तिनं बल्ब बुडाला धरला आणि कापूस काचेवरून वरून खाली फिरवला. पिवळा डाग गेला, लाल गेला. दुसरा बोळा घेतला, परत फिरवला. मग वाळू दिला. नंतर एका बोटानं पत्र्याच्या कडेला हळद लावली, त्याच्यावर कुंकू, दोन्ही बल्बांना. बुडाला हळदीकुंकू लावू नये असं गाडीच्या पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही. मी शोधलं.

पुढचं काम सांगायला सोपं आहे. दिव्याच्या मागचा प्लग ओढायचा, रबराची टोपी काढायची, आतली तारेची क्लिप दाबून बाजूला करायची, जुना बल्ब बाहेर, नवा आत. नव्याला तीन कान असतात, तो एकाच पद्धतीनं बसतो, चुकीचा बसवायचा म्हटला तरी बसत नाही. करायला मात्र वेळ लागतो, कारण हात जातो तिथं डोळा जात नाही आणि डोळा जातो तिथं हात मावत नाही. उजवा पटकन झाला. जुना बल्ब काढून बघितला तर काच आतून धुरकटलेली आणि तार तुटून लोंबत होती. डावीकडं बॅटरी मध्ये येते. क्लिप दोनदा निसटली. आप्पा आता कट्टा सोडून गाडीजवळ आले होते.

"जपून गं. करंट असतोय त्यात."

"बारा व्होल्टचा आहे आप्पा. आणि गाडी बंद आहे."

"बारा म्हणून का करंट न्हवं?"

मी परत जोर लावला. क्लिप बसली. ती बसल्याचा बारीक आवाज येतो, तो आप्पांनीही ऐकला.

दिवेलागण झाली. गाडीचं तोंड समोरच्या तंबाखूच्या खोलीच्या भिंतीकडं होतं. मी आत बसले, किल्ली फिरवली आणि दिव्याचं बटण फिरवलं.

उजवा लागला. डावा लागला नाही.

आप्पा गाडी आणि भिंतीच्या मध्ये उभे होते. ते भिंतीवरच्या एका गोलाकडं बघत होते आणि दुसरा गोल जिथं पाहिजे होता तिथं बघत होते. आई उंबऱ्यात होती, तिनं तोंडावर पदर घेतला. मी खाली उतरले. परत बॅटरीच्या मागं हात घातला. क्लिप जागेवर होती, टोपी जागेवर होती, प्लग अर्धाच बसला होता. दाबला. हाताला गरम लागेपर्यंत मला उजेड दिसलाच नाही, कारण मी मागच्या बाजूला होते. मला कळलं ते आईमुळं. ती तिथूनच म्हणाली, "लागला गं, लागला!" आणि तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर जोडते तसे तिनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. आप्पा अजून मध्येच उभे होते, त्यामुळं तो नमस्कार त्यांनाही मिळाला.

मी परत आत जाऊन बसले. आप्पांची तपासणी सुरू झाली. आधी उजव्या दिव्यासमोर उभे राहिले, मग डाव्या. मग एकेकावर हात धरून दुसरा बघितला. मग भिंतीपाशी जाऊन दोन्ही गोल सारख्या उंचीवर आहेत का ते वीत लावून मोजलं. मला अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावायला सांगितलं. मी लावला. भिंतीवरची तंबाखू टांगायची जुनी दोरीसुद्धा स्पष्ट दिसायला लागली. आप्पांनी तीही निरखून बघितली, तिचा दिव्याशी काही संबंध नव्हता तरी.

एवढ्यात दुधाची पिकअप आली. संध्याकाळचं दूध गोळा करून ड्रायव्हर डेअरीकडं चालला होता. तो गाडी थांबवून खाली उतरला आणि उजेडाच्या आत आला.

"आप्पा, पहाटे किती वाजता येऊ?"

मी आत स्टेअरिंग धरून बसले होते, काच खाली होती.

"येऊ नको," आप्पा म्हणाले.

"का? गॅरेजला न्यायची न्हाय?"

"काय करायचंय गॅरेज? दिवं बसल्यात."

"कुणी बसीवलं? निपाणीचा मिस्त्री आलता काय?"

"मिस्त्री कशाला? हिनंच बसीवलं." आप्पांनी माझ्याकडं बोट केलं, पण बघितलं त्याच्याकडंच. "पहाटे ती तिची जाती. शनवारी रातच्याला येती परत."

मला ते काहीच बोलले नव्हते. जे काही सांगायचं होतं ते त्यांनी दुधाच्या ड्रायव्हरला सांगितलं. आई उंबऱ्यातून वळली आणि चुलीकडं गेली. रविवारची भाकरी व्हायची होती.

ड्रायव्हर डोळ्यांवर आडवा हात धरून उभा होता. "आक्का, अप्पर हाय की ओ! डिपर करा, काय दिसंना झालंय."

मी स्टेअरिंगशेजारच्या दांडीला हात घातला. आप्पांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला.

"राहू दे गं. त्येला बघू दे जरा."